वाचनालयाचा हॉल आणि विषय क्रमांक सात



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या गावातला आहे आणि हातात आठच दिवस आहेत.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता आपल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. सभासदांना नोटीस मिळाली असेल. बऱ्याच जणांनी ती न वाचताच टीव्हीवर ठेवून दिली असेल. दरवर्षी मीही तेच करतो. यंदा वाचली. पहिले सहा विषय नेहमीचेच आहेत. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, हिशेब तपासनीसाची नेमणूक वगैरे. सातवा विषय असा आहे : "वरच्या मजल्यावरील सभागृह पूर्णवेळ अभ्यासिकेसाठी वापरण्याबाबत विचार करून निर्णय घेणे."

वाचायला एक ओळ आहे. तिचा अर्थ असा की, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ५ ते ७ त्या हॉलमध्ये भरणारा वाचनकट्टा बंद. नोटिशीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. कारण रीतसर पाहिलं तर वाचनकट्टा नावाची काही वस्तूच वाचनालयाच्या दप्तरात नाही. आम्ही येतो, ग्रंथपाल भाऊ हॉल उघडून देतात, आम्ही सतरंजी टाकतो, बोलतो, झाडून घेतो, जातो. एवढंच.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं होतं काय. महिन्याभरात सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि दुसऱ्या रविवारी त्यावर बोलायचं. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, आभारप्रदर्शन नाही. गोल बसायचं. पंधरा-सतरा माणसं असतात, पावसाळ्यात सात-आठ. पुस्तक पूर्ण वाचलंच पाहिजे अशी अट नाही. अर्धं वाचून आलेले चालतात. मी स्वतः चार वेळा अर्धं वाचून गेलोय.

मी साहित्यिक नाही, हेही सांगून टाकतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत, औषधं विकतो. पहिल्यांदा गेलो ते शेजारच्या गुरुजींनी ओढून नेलं म्हणून. दुसऱ्यांदा गेलो ते स्वतःहून. कारण सांगतो.

मागच्या वर्षी आम्ही 'बारोमास' घेतली होती. सदानंद देशमुखांची कादंबरी. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातले लेखक, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला. पण आपल्या गावात किती जणांनी वाचली असेल, देव जाणे. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ, कर्जात आणि दुष्काळात अडकलेलं शेतकरी घर, आणि त्या घरात जिचा जीव रमत नाही ती एकनाथची बायको अलका. चर्चा सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे पुरुष एका सुरात बोलत होतो. बिचारा एकनाथ, किती सोसतो, आणि ही बायको बघा, साथ द्यायची सोडून कटकट करते. पाच-सहा जणांचं असंच बोलून झालं. मग कोपऱ्यात बसलेल्या एक अंगणवाडी ताई म्हणाल्या, "तुमच्यापैकी किती जणांनी आपली पोरगी शेतकऱ्याला दिली, ते आधी सांगा."

हॉल गप्प. एकाचाही हात वर नाही. त्यात ज्यांची स्वतःची तीस-तीस एकर आहे तेसुद्धा होते.

ताई पुढं म्हणाल्या, "आपल्या पोरीसाठी आपण जे मागतो, तेच अलका मागते. मग तिचा राग कशाला येतो?" त्यानंतर दीड तास जे बोलणं झालं, ते मी आपल्या गावात आधी कधी ऐकलं नव्हतं. लग्न न होणारी पोरं, हुंडा, नोकरीवाला जावई, शहरातली एक खोली. हे सगळे विषय आपण पारावर बोलतो, पण तिथं पुरुषच बोलतात आणि हसण्यावारी नेतात. इथं बायका बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. मध्ये पुस्तक होतं म्हणून हे झालं. कुणाला कुणाच्या घरावर बोट ठेवावं लागलं नाही. अलकाबद्दल बोलता बोलता सगळे आपल्याच घराबद्दल बोलून गेले.

त्याच बैठकीत माझ्या समोर एक शेतकरी दादा बसले होते. माझ्या उधारीच्या वहीत त्यांचं नाव तीन हंगामांपासून आहे. दुकानात आमचं बोलणं काउंटरच्या दोन बाजूंनी होतं. किती झाले, कधी देता, सोयाबीन निघालं की देतो, बस. त्या दिवशी ते म्हणाले, "पुस्तकात लिवलं थे कमीच हाये, भाऊ." आणि दहा मिनिटं बोलले. खत उधार घ्यायला दुकानाची पायरी चढताना काय वाटतं, तेही बोलले. माझ्याकडं बघून नाही, पण मला कळलं. मी एवढी वर्षं दुकान चालवतोय, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. उधारी अजून आहे, ती काही माफ झालेली नाही. पण आता ते दुकानात आले की मी आधी बसा म्हणतो.

आता अभ्यासिकेबद्दल.

मी अभ्यासिकेच्या विरोधात अजिबात नाही. उलट माझं म्हणणं आहे की गावाला ती हवीच. आपल्या पोरांची घरं बघा. दोन खोल्या, एक टीव्ही, आजारी आजी, लहान भावंडं. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती, बँक, सगळ्यांची तयारी तिथं कशी होणार? पुण्याला जाऊन राहायचं तर महिन्याचा खर्च शेतकरी बापाला झेपत नाही. मागची छोटी खोली पोरांना पुरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोरं जिन्यावर बसून अभ्यास करतात. कार्यकारी मंडळाला त्यांची काळजी वाटली, यात चूक काहीच नाही.

पैशाचंही समजून घेतलं पाहिजे. आपल्या राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. कर्नाटकात, तमिळनाडूत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर घेतात, तो पैसा थेट वाचनालयांसाठी असतो. आपल्या कायद्यात तो कर नाही. सगळी भिस्त सरकारी अनुदानावर. मध्यंतरी त्यात साठ टक्के वाढ झाली, पण मुळात रक्कमच इतकी लहान की वाढ होऊनही कर्मचाऱ्याच्या हातात रोजगार हमीच्या मजुराइतकेही पैसे पडत नाहीत अशी छोटी वाचनालयं कितीतरी आहेत. ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागताहेत. अशा वेळी अभ्यासिकेची महिन्याची फी येणार असेल तर कोणत्याही मंडळाला ती हवीशी वाटणारच. वीजबिल त्यातूनच भरायचं आहे.

म्हणून माझं भांडण अभ्यासिकेशी नाही. माझं भांडण "पूर्णवेळ" या एका शब्दाशी आहे.

महिन्यात तीस दिवस. त्यातले दोन तास आम्ही मागतोय. सभा, वीजबिल, फी, सगळं मान्य. फक्त दुसऱ्या रविवारचे ५ ते ७ सोडा. फी घेतानाच पावतीवर छापा की या दोन तासांत हॉल मिळणार नाही. कुणाची फसवणूक नाही, कुणाची तक्रार नाही.

यावर मला आतापर्यंत तीन उत्तरं मिळाली आहेत. तिन्ही सांगतो.

पहिलं उत्तर : "पंधरा माणसांसाठी हॉल अडवायचा का?"

बरोबर आहे, माणसं पंधराच असतात. पण वाचनालयाचं काम मोजायचं कसं, हा प्रश्न आहे. आज आपण मोजतो ते असं : पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, मासिकं किती, सभासद किती. जयंत्या-पुण्यतिथ्यांना फोटोला हार घातला की नाही आणि त्याचा फोटो अहवालाला जोडला की नाही. हे सगळं कागदावर उत्तम असूनही वाचनालय रिकामं असू शकतं. २०१२ साली सरकारनं महसूल खात्याकडून राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी करून घेतली तेव्हा काय काय बाहेर आलं, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. कपाटात पुस्तक असणं आणि ते पुस्तक माणसाच्या डोक्यात असणं, यात फरक आहे. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच हे की पुस्तकं वापरासाठी आहेत. आपल्या वाचनालयातलं 'बारोमास' आमच्या चर्चेआधी शेवटचं कधी बाहेर गेलं होतं, हे पाहायला मी देवघेव रजिस्टर मागून घेतलं. सहा वर्षांपूर्वी. चर्चेनंतरच्या चार महिन्यांत ते नऊ घरी फिरलं.

केरळचं उदाहरण अनेक जण देतात, मीही देतो. तिथल्या गावोगावच्या वाचनालयांत बायकांची वनितावेदी असते, मुलांची बालवेदी असते, चर्चा होतात, नाटकं बसतात. वाचनालय म्हणजे फक्त पुस्तकं देण्याघेण्याचं काउंटर, असं तिथं कुणी समजत नाही. आपण का समजावं?

दुसरं उत्तर : "हे बुक क्लब वगैरे शहरातली फॅशन आहे. आपल्या गावाला काय करायचं?"

नाव इंग्रजी असेल, पण गोष्ट आपल्याकडं फार जुनी आहे. श्रावणात पोथी लावायचे ते काय होतं? एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा आपल्या आज्या मध्येच थांबवून प्रश्न विचारायच्या. आपल्या बुद्धविहारात दरवर्षी वर्षावासाचे तीन महिने बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. संध्याकाळी शेतावरून, कामावरून आलेली माणसं बसून ऐकतात. ही फॅशन आहे का? आपल्या राज्यात रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, आणि पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं उभं राहिलेलं १८४८ चं. त्याच सुमारास मुंबईत ज्ञानप्रसारक सभेत तरुण पोरं निबंध वाचून त्यावर वाद घालत होती. मिळून वाचणं आणि त्यावर बोलणं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. मधल्या काळात आपण ते विसरलो आणि आपल्याकडं फक्त भाषणं उरली. स्टेजवरचा बोलणार, खालचे ऐकणार, शेवटी चहा. व्याख्यानमालांचे उपकार मी विसरत नाही, पण तिथं अंगणवाडीतल्या ताईंना माईक कोण देतो?

तिसरं उत्तर सगळ्यात गोड आहे : "अहो, एवढ्याशा माणसांना हॉल कशाला? आलटून पालटून कुणाच्या तरी घरी जमा ना. चहा-पोहेही होतील."

हे ज्यांनी सुचवलं ते माझे मित्र आहेत आणि मनापासून बोलले. पण मंडळी, खरं सांगा. आपल्या गावात कुणीही कुणाच्याही घरी जाऊन बसतं का? कुणाच्या घरी कुठपर्यंत जायचं, ओसरीवर बसायचं की आत, पाणी कोणत्या भांड्यातून येणार, हे सगळं आपल्याला न सांगता कळतं. आपण आता बोलत नाही, एवढंच. माझ्या घरी कट्टा भरला तर माझे उधारवाले दादा येतील का? आले तरी तसं बोलतील का? मोठ्या वाड्यात भरला तर खालच्या आळीतली पोरगी येईल का? तिचा बाप पाठवेल का? "वाचनालयात चालले" म्हटलं की घरून कुणी अडवत नाही. "अमक्याच्या घरी चालले" म्हटलं की चार प्रश्न येतात.

देवळाचा हॉल आहे, तो काही जणांचा. विहार आहे, तो काही जणांचा. मंगल कार्यालय पैसेवाल्यांचं, पक्षाचं कार्यालय पक्षाचं, हॉटेलात चहा पिऊन दहा मिनिटांत उठावं लागतं. पार पुरुषांचा. आपल्या गावात जी जागा कुणा एकाची नाही आणि म्हणून सगळ्यांची आहे, अशी मला तरी एकच दिसते, ती वाचनालयाची. वर्गणी भरली की सभासद. आणि कट्ट्याला तर आम्ही वर्गणीही विचारत नाही. ही जागा गेली तर तसलीच दुसरी मिळणार नाही, म्हणून एवढा आटापिटा.

आमच्या चुकाही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. आम्ही फार जड पुस्तकं निवडतो. पोरासोरांना आवडेल असं वर्षात एखादंच घेतलं. निवृत्त मंडळी एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत, त्यात आमचे लाडके गुरुजी पहिले. एकदा चर्चा आरक्षणावर गेली आणि दोघं तावातावानं उठून गेले. मला वाटलं, आता संपलं. पुढच्या महिन्यात दोघंही आले, समोरासमोर बसले. अजून त्यांचं पटत नाही. पण येतात. आणि बायकांची वेळ आम्ही कधी विचारलीच नाही. ५ ते ७ म्हणजे स्वयंपाकाची वेळ. तरी पाच-सहा जणी येतात, त्या घरी काय करून येतात त्यांनाच माहीत. हे बदलायला पाहिजे आणि ते आम्ही बदलू. ४ ते ६ केलं तरी चालेल.

अजून एक गोष्ट, ती अभ्यासिकेतल्या पोरांसाठी.

'बारोमास'च्या दिवशी मागच्या खोलीतला एक पोरगा पाणी प्यायला वर आला होता. दारातच उभा राहिला, बाटली हातात. अर्धा तास तसाच. जाताना मला विचारलं, "काका, हे पुस्तक सिलॅबसमध्ये नसेल, पण नेऊ का?" नेलं. पुढच्या महिन्यात आला आणि म्हणाला की पाच वर्षं मी परीक्षा देतोय, घरी कुणाशी बोलत नाही, गावात लग्नाला जात नाही, कारण सगळे एकच विचारतात, लागली का नोकरी? एकनाथचं वाचून मला पहिल्यांदा वाटलं की हे फक्त माझंच नाही. एवढं बोलून तो गप्प बसला. कुणी त्याला उपदेश केला नाही, हे आमचं नशीब.

त्या पोराला खुर्ची, टेबल, पंखा, वायफाय सगळं द्या. पण महिन्यातून दोन तास त्याला पुस्तक बाजूला ठेवून माणसांत बसायला जागा द्या, असं मी म्हणतो. परीक्षा हजारो देतात, जागा थोड्या असतात. जे पास होणार नाहीत तेही आपलीच पोरं आहेत, आणि त्यांनाही याच गावात राहायचं आहे. अभ्यासिका पास होणाऱ्यासाठी आहे. कट्टा दोघांसाठी आहे.

तर, सभेत आम्ही काही सभासद लेखी सूचना मांडणार आहोत. ती अशी :

१. सभागृह अभ्यासिकेला द्यावं, पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोन तास वाचनकट्ट्यासाठी राखून ठेवावे आणि तसा ठरावात उल्लेख करावा. उद्या मंडळ बदललं तरी टिकेल असा.

२. दरवर्षीच्या पुस्तक खरेदीत कट्ट्यानं निवडलेल्या निदान चार पुस्तकांच्या प्रत्येकी पाच प्रती घ्याव्यात. आज एकच प्रत असते आणि सतरा जण ती ओढतात. मार्चअखेरीला घाईघाईत गठ्ठा उचलण्यापेक्षा हे बरं. आणि चर्चा झाली की जादा प्रती जिल्हा परिषदेच्या शाळांना द्याव्यात.

३. रविवारी हॉल उघडायला ग्रंथपाल भाऊ स्वतःची सुट्टी मोडून येतात. एक पैसा न घेता. त्या दिवसाचं मानधन कट्टा वर्गणी काढून देईल. मंडळानं फक्त ते रीतसर स्वीकारावं. फुकट राबवून घेणं आम्हालाही शोभत नाही.

यात कुणाचा पराभव नाही. मंडळाची फी बुडत नाही, पोरांची जागा जात नाही.

दरवर्षी सभेला पंचवीसेक सभासद येतात, अर्ध्या तासात सगळे विषय मंजूर, मग समोसा. यंदा जरा जास्त संख्येनं या. विरोधात बोलायचं असेल तरी या, आमचं चुकत असेल तर तिथं सांगा. सभासद नसाल तर मत देता येणार नाही, पण वर्गणी भरायला काउंटर रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. आणि सभेच्या पुढच्याच रविवारी कट्टा आहे. पुस्तक 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं. यावेळी निवड बायकांनी केली आहे. आम्ही पुरुषांनी आजवर ते का घेतलं नाही, याचं उत्तर त्या दिवशी द्यावं लागणार आहे.

एकच प्रत आहे. सध्या माझ्याकडं आहे, सत्तर पानं झाली आहेत. बुधवारपर्यंत संपवतो. ज्याला पाहिजे त्यानं दुकानावर येऊन घेऊन जावं. उधारीचा विषय काढणार नाही, शब्द देतो.

रविवारी भेटू. ११ म्हणजे ११.